डायलिसिसच्या तिसऱ्या तासाला बीपी उतरतं, आणि शेजारी म्हणतात मीठ द्या

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात राहतो. माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, वय 63. शुगर जुनी आहे. दीड वर्षापासून तालुक्याला सोमवारी आणि गुरुवारी डायलिसिस चालू आहे. डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिसच्या सुया टोचण्यासाठी ऑपरेशननं जोडलेली नस) आहे. गेले दोन महिने तिसऱ्या तासाला त्यांचं बीपी एकदम उतरतं. सुरुवातीला 150 असतं ते 80 वर येतं. घाम फुटतो, पोटऱ्यांत गोळे येतात, मागच्या सोमवारी तर शुद्धच हरपली. सलाईन देतात, पाय वर करतात, मग आण्णा "सोडा मला" म्हणून मागेच लागतात, म्हणून सव्वातीन तासांतच सोडतात. ड्राय वेट, म्हणजे अंगातलं जास्तीचं पाणी निघाल्यावर भरायला हवं ते वजन, 54 किलो सांगितलंय. सोमवारी जाताना 57.7 भरतं, येताना 55.2. घरी आल्यावर सासूबाई मीठ-साखर-लिंबाचं पाणी देतात, अशक्तपणा जावा म्हणून शहाळंही देतात. मी जेवणात मीठ कमी घालते म्हणून बीपी लो होतं, असं घरातले आणि शेजारीपाजारी मलाच बोलतात. बीपी एवढं लो होतंय तर बीपीच्या गोळ्या बंद कराव्यात का? आण्णा म्हणतात, आठवड्यातून एकदाच जाऊ. पुढच्या महिन्यात पुतणीचं लग्न नेमकं सोमवारी आलंय, तेवढा एक वार चुकला तर चालेल का?
— एक सून

उत्तर :

ताई, आधी तुमच्यावरचा आरोप काढून टाकू. तुम्ही मीठ कमी घालता म्हणून आण्णांचं बीपी उतरत नाही. उलट घरात, शेजारी, लग्नाकार्यात आणि दवाखान्यातून आल्यावर जे मीठ त्यांच्या पोटात जातं, त्याचाच यात मोठा हात आहे. हे उत्तर सासूबाईंना वाचून दाखवलंत तरी माझी हरकत नाही. त्या मायेपोटी करतात, पण करतात ते चूक आहे.

दोन गोष्टी मात्र आजच करा, बाकीचं नंतर वाचा. पहिली, शहाळं बंद. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. ज्याची किडनी चालू आहे त्याला ते चालतं. आण्णांच्या शरीरातून ते बाहेर पडायला डायलिसिसशिवाय फारशी वाट नाही. पोटॅशियम वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, कधी कधी काहीही न जाणवता एकदम थांबतात. जुलाबावर देतात ती ओआरएसची पुडी याच कारणासाठी नको, आणि दुकानात 'बीपीवाल्यांसाठी' म्हणून मिळणारं लो सोडियम मीठही नको, कारण त्यात सोडियम काढून त्याजागी पोटॅशियमच घातलेलं असतं. दुसरी गोष्ट, शुद्ध हरपली होती हे किडनीच्या डॉक्टरांच्या कानावर गेलंय का ते पाहा. टेक्निशियनला माहीत असणं वेगळं आणि डॉक्टरांनी पेशंटला तपासणं वेगळं. बऱ्याच ठिकाणी किडनीतज्ज्ञ ठरलेल्या वारीच येतात. ते ज्या दिवशी असतील त्या दिवशी आण्णांना घेऊन जा, नाहीतर फोनवर तरी बोला. याच आठवड्यात.

आता बीपी का उतरतं ते पाहू. आण्णा शेतकरी आहेत असं धरून सांगतो. विहिरीत झऱ्यातून पाणी येतं त्यापेक्षा जास्त वेगानं मोटर उपसायला लागली, तर शिवारात पाणी असूनही विहीर कोरडी पडते. मशीन थेट सूज उपसत नाही, ते रक्तातलं पाणी काढतं. मग पायातलं, पोटातलं, फुप्फुसाच्या आजूबाजूचं पाणी हळूहळू पाझरून रक्तात येतं आणि तूट भरून काढतं. उपसा पाझरापेक्षा जास्त झाला की नसांत रक्त कमी पडतं आणि बीपी खाली येतं. पायावर सूज दिसतेय आणि तरी बीपी लो, हे कोडं लोकांना पडतं त्याचं कारण हेच.

आता तुमचेच आकडे घेऊ. 57.7 वरून 54 वर यायचं म्हणजे 3.7 लिटर. त्यात शेवटी नळीतलं रक्त परत देताना जाणारं सलाईन आणि मधे काही प्यायले तर ते, असं धरून मशीनवर साधारण 4 लिटरचा आकडा लावला जातो. चार तासांत चार लिटर, म्हणजे तासाला 1 लिटर. आण्णांच्या वजनाच्या माणसाच्या अंगात एकूण रक्तच जवळपास चार लिटर असतं. म्हणजे मशीन एका बैठकीत अंगातल्या सगळ्या रक्ताइतकं पाणी बाहेर काढायला बघतंय! किडनीचे डॉक्टर याचा हिशोब वजनाच्या दर किलोमागे तासाला किती मिली असा करतात. 13 मिलीच्या पुढे गेलं की हृदयावर ताण येतो असं आता सगळीकडे मानतात, आणि 10 च्या आत ठेवता आलं तर उत्तम. आण्णांचा सोमवारचा आकडा येतो साडेअठरा. 54 किलोच्या माणसाचं 13 च्या हिशोबानं चार तासांत फार तर 2.8 लिटर काढता येतं. साखर जुनी असली की नसा आवळून बीपी सावरायची शरीराची ताकदही मंदावलेली असते. मग तिसऱ्या तासाला बीपी पडलं यात नवल काही नाही. पहिले दोन तास शरीर कसंबसं सांभाळून घेतं, एवढंच.

पुढे काय होतं पाहा. बीपी पडलं, सलाईन दिलं. ते द्यावंच लागतं, त्या क्षणी तेच बरोबर आहे. पण 300 मिली सलाईनमध्ये 2.7 ग्रॅम मीठ असतं. मशीन पाऊण तास आधी सुटलं, वजन 55.2 वर राहिलं. घरी आल्यावर लिंबूपाणी, त्यात अर्धा चमचा मीठ, म्हणजे आणखी 3 ग्रॅमच्या आसपास. दिवसभराची मर्यादा 5 ग्रॅमची, ती एका दुपारीच ओलांडली आणि रात्रीचं जेवण अजून व्हायचंय. मीठ गेलं की तहान लागणारच. 8-9 ग्रॅम मीठ अंगात साधारण लिटरभर पाणी धरून ठेवतं. मग गुरुवारी वजन पुन्हा जास्त, उपसा पुन्हा जास्त. आठवड्याचे दोन पाऊण तास म्हणजे दीड तास, महिन्याचे सहा. दर महिन्याला दीड डायलिसिस आण्णा घेतच नाहीत असा त्याचा अर्थ.

म्हणून बीपी लो झालं की मीठ-साखरेचं पाणी, हा जो आपल्याकडचा घरोघरचा उपाय आहे, तो उन्हातून आलेल्या माणसासाठी ठेवा. आण्णांना नको. घरी आल्यावर चक्कर आली तर आडवं झोपवा, पायाखाली दोन उशा द्या, उजव्या हातावर बीपी मोजा. डाव्या, म्हणजे फिस्टुलाच्या हातावर बीपीचा पट्टा कधीच बांधायचा नाही. आणि ग्लुकोमीटरनं साखर बघा. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी ही लक्षणं साखर उतरल्याचीही असतात आणि डायलिसिसच्या दिवशी साखर उतरू शकते. 70 च्या खाली असेल तर तीन चमचे साखर थोड्या पाण्यात विरघळवून द्या. मीठ नाही, फळाचा रस नाही. पंधरा मिनिटांनी पुन्हा बघा. झोपवूनही बीपीचा वरचा आकडा 90 च्या खालीच राहिला किंवा माणूस गुंगीत वाटला, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

इथून पुढचा एक परिच्छेद आण्णांना वाचून दाखवा.

आण्णा, नमस्कार. आठवड्यातून एकदाच जाऊ, असं तुम्ही म्हणता ते त्रासाला कंटाळून, हे कळतंय. शुद्ध हरपलेल्या माणसाला त्या खुर्चीची धास्ती वाटणारच. पण एकदाच गेलात तर सात दिवसांचं पाणी एका बैठकीत काढावं लागेल आणि आत्ता होतोय त्याच्या दुप्पट त्रास होईल, तोही मशीनपर्यंत पोचलात तर. पाणी फुप्फुसात चढलं की रात्री झोपता येत नाही, बसून काढावी लागते. त्रास कमी करायचा रस्ता उलटा आहे : जास्त वेळ बसा, जास्त वेळा बसा, म्हणजे दर वेळी थोडं थोडं निघेल. दुसरं, बीपी पूर्ण पडेपर्यंत गप्प बसू नका. त्याआधी शरीर इशारा देतं. जांभया यायला लागतात, कानात गच्च वाटतं, अंग गरम होतं किंवा कपाळावर बारीक घाम येतो, मळमळतं, संडासला लागल्यासारखं वाटतं, उगीच चिडचिड होते. काही जणांचा आवाज बसतो. यातलं पहिलं जे काही जाणवेल, त्याच वेळी हाक मारा. "थोडं बघू, जाईल" नको. त्या टप्प्यावर पाणी ओढणं थांबवलं, पाय वर केले की बरेचदा सलाईनचीही गरज लागत नाही आणि मशीनही सोडावं लागत नाही. "सोडा मला" म्हणण्याऐवजी "ओढणं थांबवा, मशीन चालू ठेवा" म्हणा. पाणी न काढताही रक्त साफ होत राहतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि मशीनवर त्या वेगळ्या करता येतात.

ताई, आता सेंटरवर काय बोलायचं ते. तिथल्या टेक्निशियनशी भांडून उपयोग नाही. एकेक टेक्निशियन चार-पाच मशीन सांभाळतो, मागे पुढच्या पाळीचे लोक बाकावर बसलेले असतात. पण विचारायचा हक्क तुम्हाला आहे, आणि नेमकं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं. पहिलं विचारा : सोमवारी पाच तास बसवता येईल का? आणि तिसरा वार मिळेल का? आठवड्यातून तीनदा, चार-चार तास ही रीत सगळीकडे मानलेली आहे. आपल्याकडे दोनदा होतं ते पैशामुळे, मशीन कमी म्हणून आणि जाण्यायेण्याच्या कटकटीमुळे. थोडीफार लघवी होत असलेल्यांचं दोनवर भागतं, पण चार दिवसांच्या खंडानंतर सोमवारी ड्राय वेटपेक्षा पावणेचार किलो जास्त घेऊन येणाऱ्या माणसाचं दोनवर भागत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत डायलिसिस बसतं, आणि 2016 पासून केंद्राच्या डायलिसिस कार्यक्रमातून जिल्ह्यांच्या सरकारी रुग्णालयांत मोफत सोय सुरू झाली आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात आरोग्यमित्र बसलेला असतो. आधार आणि रेशनकार्ड घेऊन त्याच्याकडे जा, तिसऱ्या वारासाठी डॉक्टरांची चिठ्ठी लागेल तर ती तेव्हाच मागून घ्या.

दुसरं, ड्राय वेट. 54 हा आकडा कधी ठरला? दीड वर्षापूर्वी ठरला असेल आणि नंतर कुणी तपासला नसेल तर तो चुकीचा असू शकतो. सुरुवातीला माणूस खंगलेला असतो. डायलिसिसनं तोंडाला चव आली, जेवण सुधारलं की अंगावर दोन किलो मांस चढतं, पण फाइलमध्ये जुनाच आकडा. मग मशीन पाणी समजून जे काढायला जातं ते पाणी नसतंच. शेवटच्या तासात गोळे येणं, घरी आल्यावर दुसऱ्या दिवसापर्यंत गळून जाणं, वजन थोडंच वाढलेलं असतानाही बीपी पडणं, ही त्याची खूण. उलट पायावर सूज राहते, उताणं झोपलं की दम लागतो, बीपी चढलेलंच असतं, तर पाणी अजून शिल्लक आहे. आण्णा कुठल्या बाजूला आहेत हे मी पत्रावरून सांगू शकत नाही. डॉक्टर गळ्याची नस, छाती, पाय बघून ठरवतील, लागलं तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी करतील. तोपर्यंत घरी आकडा बदलू नका.

वजनाचा विषय निघालाच आहे तर एक सांगतो. सेंटरच्या काट्यावर आत येताना माणूस शाल, स्वेटर, खिशात मोबाईल आणि किल्ल्यांसकट उभा राहतो, आणि जाताना शाल सुनेच्या हातात असते. अर्ध्या-पाऊण किलोचा फरक तिथेच पडतो. तेवढं जास्तीचं पाणी मशीनला लावलं गेलं तर बीपी पडायला वेगळं कारण नको. दोन्ही वेळेला तेच कपडे, चप्पल काढून, खिसे रिकामे. वजन झाल्यावर चहा पाजलात तर तो टेक्निशियनला सांगा.

तिसरं, डबा. तुम्ही लिहिलं नाहीत, पण बहुतेक जण दुसऱ्या तासाला पोहे नाहीतर इडली खातात. जेवलं की रक्त पोटाकडे वळतं आणि नेमक्या त्याच वेळी मशीन पाणी ओढत असतं. सगळ्यांना याचा त्रास होतो असं नाही, पण ज्यांचं बीपी पडतं त्यांनी मशीनवर खाणं थांबवून बघावं. घरून निघण्याआधी नीट जेवून जावं आणि सुटल्यावर खावं. इन्सुलिन घेत असतील तर त्या दिवशीचा डोस जेवणाच्या नव्या वेळेप्रमाणे डॉक्टरांकडून ठरवून घ्या, नाहीतर साखर उतरेल.

चौथं, मशीनमधल्या द्रावणाचं तापमान. ते बहुधा 37 अंशांवर असतं. 36 किंवा त्याहून थोडं खाली ठेवलं तर नसा आवळलेल्या राहतात आणि बीपी टिकतं. याला वेगळा पैसा लागत नाही, वेगळं औषध लागत नाही, मशीनवर आकडा बदलायचा. थोडी थंडी वाजते, अंगावर घोंगडी द्या. एवढा साधा आणि उपयोगी उपाय बऱ्याच ठिकाणी वापरलाच जात नाही याचं मला वाईट वाटतं. डॉक्टरांना जरूर विचारा.

आता गोळ्या. बीपीच्या गोळ्या स्वतःच्या मनानं बंद करू नका. आण्णांचं बीपी सुरुवातीला 150 असतं असं तुम्हीच लिहिलंय. मधल्या दिवशी ते 180 वर जात असेल तर गोळ्या बंद केल्यानं मेंदूत रक्तस्रावाचा धोका. पण डायलिसिसच्या सकाळी कुठली गोळी घ्यायची आणि कुठली संध्याकाळी ढकलायची, हे ठरवून घेणं अगदी रास्त आहे. सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. काही मशीनमधून धुऊन निघतात, काही रक्तात तशाच राहतात. म्हणून "बंद करू का" असं न विचारता सगळी पाकिटं एका पिशवीत घालून घेऊन जा आणि समोर ठेवा. त्यात छातीत दुखण्यासाठी दिलेली किंवा लघवी अडते म्हणून प्रोस्टेटसाठी दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेली गोळी असेल तर तीही. साठी ओलांडलेल्या पुरुषांत ती प्रोस्टेटची गोळी बरेचदा निघते, बीपी उतरवते, आणि डायलिसिसच्या फाइलवर तिचं नावही नसतं. घरी डायलिसिस नसेल त्या दिवशी सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहा. ती वही असली की डॉक्टरांचं अर्धं काम होतं.

दोन महिन्यांपासूनच का, आधी का नाही? हा प्रश्न तुम्ही डॉक्टरांना विचारायला हवा, कारण आधी सहन होत होतं ते आता होत नाही म्हणजे मधे काहीतरी बदललंय. नुसतं वजन वाढलं असेल तर बरंच. पण हृदयाची ताकद कमी झालेली असू शकते, हृदयाभोवती पाणी जमलेलं असू शकतं, हिमोग्लोबिन किंवा अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रथिन) उतरलेलं असू शकतं, कुठेतरी छुपा जंतुसंसर्ग असू शकतो. ईसीजी, टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) आणि रक्ताच्या साध्या तपासण्या यातून बरंच कळतं. दीड वर्षात इको झाला नसेल तर आता व्हायला हवा. मशीन सुरू होऊन अर्धा तासही झाला नाही आणि बीपी पडलं, किंवा छातीत दुखलं, दम लागला, थंडी वाजून ताप आला, संडास काळी झाली, डायलिसिस नसतानाही बीपी खालीच राहिलं, तर तो जास्त पाणी ओढल्याचा प्रकार समजू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना.

फिस्टुलाकडेही लक्ष हवं. बीपी बराच वेळ खाली राहिलं की फिस्टुलातला प्रवाह मंदावतो आणि तिथे गुठळी होऊन तो बंद पडू शकतो. घरी आल्यावर आणि रात्री झोपताना आण्णांनी उजव्या हाताची बोटं त्यावर ठेवायची. नेहमीची थरथर लागली की ठीक. नाही लागली तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री सेंटरला फोन करा. लवकर गेलं तर फिस्टुला वाचायची शक्यता असते. तसंच सुया काढल्यावर आण्णांना लगेच उभं करू नका. आधी पाय सोडून पाच-दहा मिनिटं बसवा, बसून आणि उभं राहून बीपी बघायला सांगा, मगच निघा. ज्या दिवशी बीपी पडलं त्या दिवशी मोटरसायकलवर मागे बसवून आणू नका.

आता स्वयंपाकघर, कारण खरी लढाई तिथेच आहे. लोक डायलिसिसच्या पेशंटला "पाणी कमी प्या" एवढंच सांगतात आणि मीठ विसरतात. खारट खाऊन कमी पाणी पिणं कुणाच्यानं होत नाही, आण्णांच्यानंही होणार नाही. तेव्हा आधी मीठ. भाजी-आमटीत तुम्ही कमी घालता, ते बरोबरच आहे, पण ताटाच्या कडेचं काय? लोणचं, पापड, सांडगी मिरची, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, खारवलेली मिरची, वरून घेतलेली मिठाची चिमूट. चारच्या चहाबरोबर फरसाण, खारी, बिस्किटं. एकादशीचं सैंधव हेही मीठच आहे, उपवासाला चालतं म्हणून किडनीला चालत नाही. आण्णांसाठी रोजचं मीठ सकाळी एका वाटीत काढा, डॉक्टरांनी सांगितलं असेल तेवढंच, साधारण सपाट चमच्याच्या आत. दिवसभर त्यातूनच घाला. वाटी संपली की मीठ संपलं. सासूबाईंना दाखवायलाही ही वाटी कामाला येईल. चव लागत नाही ही तक्रार पहिले दोन-तीन आठवडे येणार. लसूण-जिऱ्याची फोडणी, थोडं लिंबू, कढीपत्ता, भाजलेल्या धण्याची पूड याच्यावर वेळ मारून न्या. जीभ सवय करून घेते.

मग पाणी. आण्णांना दिवसाला लघवी किती होते ते एक पूर्ण दिवस मापट्यात मोजा. त्यात 500 मिली मिळवा, साधारण तेवढं द्रव दिवसाला चालतं. नेमका आकडा डॉक्टरांकडून घ्या. त्या द्रवात चहा येतो, ताक येतं, पातळ आमटी, कढी, रस्सा, पेज, सगळं येतं. आमच्याकडे पेशंट शपथेवर सांगतात की दोनच तांबे पाणी पितो, आणि भाकरी मात्र वाडगाभर आमटीत कुस्करून खातात. मोजून भरलेली बाटली आण्णांजवळ ठेवा. चहा प्याले की तेवढं पाणी बाटलीतून ओतून टाका. तांब्याऐवजी छोटी वाटी द्या. तोंड कोरडं पडलं तर चूळ भरायची, नाहीतर बर्फाचा एक खडा चघळायचा. गोळ्या दोन-तीनदा वेगवेगळ्या घोटांनी घेण्याऐवजी जेवणाच्या वेळच्या पाण्यातच घेता येतात का पाहा. आणि साखर ताब्यात ठेवा. साखर चढलेली असली तर तहान कुठल्याच युक्तीनं जात नाही. दोन वारांमधली वाढ 2 ते सव्वादोन किलोच्या आसपास आणता आली तर मशीनवरचा बराचसा त्रास आपोआप उतरेल.

हे सगळं करूनही बीपी पडतच राहिलं तरी रस्ते संपलेले नाहीत. डायलिसिसच्या आधी घ्यायची, बीपी टिकवणारी मिडोड्रिन नावाची गोळी असते. कुणाला द्यायची आणि किती, हे हृदयाची स्थिती बघून डॉक्टर ठरवतात, दुकानातून परस्पर आणू नका. दुसरं, पोटातून करायचं डायलिसिस. त्यात घरीच दिवसभरात तीन-चारदा पोटातलं द्रावण बदलतात. पाणी दिवसभर थोडं थोडं निघतं, म्हणून हृदय कमजोर असलेल्यांना आणि सेंटर लांब असलेल्यांना ते मानवतं. स्वच्छता मात्र कडक पाळावी लागते, आणि ते तुमच्या एकटीच्या गळ्यात पडणार नाही एवढं आधी घरात ठरवून घ्या. आण्णांच्या मुलालाही पिशवी बदलायला शिकता येते!

राहिलं लग्न. सोमवार चुकवायचा नाही. गुरुवारनंतर थेट पुढचा गुरुवार म्हणजे सात दिवस, आणि मधे लग्नाची पंगत. पण लग्नही चुकवायचं कारण नाही. आजच सेंटरला सांगितलंत तर एखाद्या पेशंटशी अदलाबदल करून शनिवारी नाहीतर मंगळवारी पहाटेची पाळी मिळते, महिनाभर आधी विचारलं की बहुतेक वेळा जमतं. रविवारी सेंटर चालू असेल तर तेच सगळ्यात बरं, आण्णा दुसऱ्या दिवशी हलक्या अंगानं मांडवात बसतील. जेवायला पोळी, भात, सुकी भाजी वाढा, बुंदी साखर बघून. लोणचं, पापड आणि मठ्ठा त्यांच्या ताटात येणार नाही, याची जबाबदारी यावेळी सासूबाईंवर द्या.